काळी पिशवी, पांढरा फेस

फुलंब्रीत बिअर विकत घ्यायला दोन मिनिटं लागतात आणि ती घरी न्यायला पाऊण तास. अंतर फार तर दीड किलोमीटर. पण आधी दुकानासमोरून एकदा सरळ पुढे जायचं, तिथे कोण उभं आहे ते बघायचं, वळून यायचं, गाडी शेजारच्या पंक्चरवाल्यापाशी लावायची, चाकातली हवा चाचपल्यासारखं करायचं आणि मग तोंड अजिंठ्याकडे व हात जाळीच्या खिडकीत, अशा आसनात उभं राहायचं. जाळीतून काळी पिशवी बाहेर येते. 2018 साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा भाजीवाल्याची पांढरी पिशवी गेली, किराणावाल्याची गेली. काळी मात्र बहुतेक अत्यावश्यक सेवेत मोडत असावी.

पिशवी काळी असते ती आत काय आहे हे कळू नये म्हणून. आणि ती काळी आहे एवढ्यावरूनच साऱ्या गावाला आत काय आहे ते कळतं. दुकानातला पोरगा बाटलीला आधी वर्तमानपत्र गुंडाळतो, पिशवीच्या तोंडाला दोन पीळ देतो आणि सशाच्या कानासारखी गाठ मारतो. मे महिन्यात बाटलीला घाम सुटतो, कागद भिजतो आणि अक्षरं काचेवर उमटतात. एकदा मी बाटली बाहेर काढली तर तिच्यावर माझ्याच राशीचं भविष्य उलटं उमटलेलं. आरशात धरून वाचलं : प्रकृतीची काळजी घ्या.

वर मेथीची जुडी ठेवायची ही आमच्याकडची जुनी पद्धत. पण मेथी आवाज झाकत नाही. दोन बाटल्या असल्या की खड्ड्यात टिंग होतं. त्यामुळे फुलंब्रीत कोण स्पीड ब्रेकरवरून किती हळू जातो, यावरून त्याच्या संध्याकाळचा अंदाज येतो. एरवी ट्रॅक्टर उडवत नेणारी पोरं नवरी डोलीतून न्यावी तशी मोटारसायकल नेताना दिसली की समजायचं.

मी खत-बियाण्याचा दुकानदार. महिन्यातून दोनदा बिअर पिणारा, तीसुद्धा शनिवारी, गच्चीवर, दिवा न लावता. दिवा न लावल्यामुळे तीस वर्षांत मी बिअरचा रंग नीट पाहिला नव्हता, हे मला पुण्यात कळलं.

त्याआधी आपल्या जिल्ह्याबद्दल सांगितलं पाहिजे. देशात ज्या गावांच्या नावाने बिअरच्या बाटल्यांवर पत्ता छापला जातो त्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरचा नंबर बराच वर. एमआयडीसीत मोठमोठ्या कंपन्यांचे कारखाने. युनायटेड ब्रुअरीजच्या इथल्या दोन कारखान्यांची नावं तर अजिंठा आणि एलोरा. म्हणजे पर्यटक ज्या दोन नावांसाठी सातासमुद्रापलीकडून येतो, ती दोन्ही नावं ट्रकमध्ये भरून बाहेरही जातात. आणि एवढी बिअर जिथे होते तिथे गिऱ्हाइकाला विचारला जाणारा प्रश्न एकच : माईल्ड की स्ट्राँग? पुढचा उपप्रश्न : चिल्ड? संपली रसिकता. चहा विकणारासुद्धा अद्रक, इलायची, साखर कमी-जास्त, एवढे चार प्रश्न विचारतो.

त्यात बहुतेकांचं उत्तर स्ट्राँग. यामागे चवीचा संबंध नाही, हिशेब आहे. तेवढ्याच बाटलीत जास्त काय बसतं, ते घ्यावं. युरियाचं पोतं घेतानाही माझं गिऱ्हाईक नत्र किती टक्के ते विचारतं. तोच न्याय.

खरं सांगायचं तर या जिल्ह्यात बिअरची खरी जाण म्हशींना आहे. कारखान्यात बार्लीतली साखर काढून घेतली की जो चोथा उरतो तो दूधवाले जनावरांसाठी आणतात. आमच्या गावातले तात्या हा चोथा टेम्पोने आणायचे. ओला, कोमट, माल्टचा गोडसर वास येणारा. त्यात दारूचा अंश नसतो, कारण आंबवण्याआधीच तो बाजूला काढतात. पण तात्या छातीवर हात ठेवून सांगायचे, "तो टेम्पो वळला की म्हैस दावणीत उभी राहती. पेंडीला नाही राहत." पुढे आमचं बिअर रसिक मंडळ स्थापन झालं तेव्हा अनुभवाच्या दृष्टीने तात्यांची म्हैस आम्हा सगळ्यांना वरिष्ठ होती.

पुण्यात भाचा नोकरीला आहे. त्याने एका रविवारी मला मुंढव्याच्या बाजूला, बिअर बनवून तिथेच पाजणाऱ्या एका मायक्रोब्रुअरीत नेलं. भर दुपार, लख्ख उजेड, बायका-पोरं बसलेली, काचेपलीकडे तांब्याच्या रंगाची भांडी. मी सवयीने खिडकीकडे पाठ करून बसलो. भाचा म्हणाला, "मामा, इथं कोणी बघत नाही." हेच मला पटेना. कोणी बघत नसेल तर माणूस पितो कशाला आणि लपतो कशाला?

मग वेटरने लाकडी फळी आणली. तिच्यात सहा भोकं, सहा छोटे ग्लास, सहा रंग. पिवळा, गढूळ पिवळा, नारंगी, तांबूस, विटकरी, काळाकुट्ट. माझ्या तोंडून निघून गेलं, "माती परीक्षणाचे नमुने का?" वेटर हसला नाही. त्याने एकेकाची नावं सांगितली आणि मी नीट ऐकली, कारण आमच्या धंद्यात वाणाचं नाव विसरलं की शेतकरी दारात उभा करतो.

सगळ्यात आधी गढूळ. मी म्हटलं, "ही गाळलेली दिसत नाही." तो म्हणाला, "सर, ही गाळायचीच नसते." ही वीट बिअर. गव्हाची. यीस्ट तळाला बसू न देता तसंच ठेवतात म्हणून गढूळ. नाकाशी नेली तर चक्क पिकल्या केळ्याचा वास, मागून लवंग. यात ना केळं घातलेलं, ना लवंग. ते विशिष्ट जातीचं यीस्ट आंबवताना स्वतःच हे वास तयार करतं. मी दुसरा घोट घेतला आणि मला तीस वर्षांच्या अंधाऱ्या गच्चीबद्दल वाईट वाटलं.

पुणे या बाबतीत पुढारलेलं. देशातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक तिथे 2009 साली सुरू झाली. नाव डूलाली. भाच्याला वाटलं परदेशी नाव. मी त्याला सांगितलं, बाळा, ही आपली देवळाली, नाशिकजवळची. तिथल्या छावणीत गोरे शिपाई बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून असायचे आणि उन्हाने, कंटाळ्याने, तापाने भ्रमिष्ट व्हायचे. त्यावरून इंग्रजीत वेड्याला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. त्यातला टॅप हा नळ नव्हे, आपला ताप. मराठी मुलखाने इंग्रजीला एक वेड दिलं आणि पुण्याने ते नळासकट परत आणलं.

फुलंब्रीला परतलो तो मी प्रचारक होऊन. नवीन मुसलमान जरा जास्तच नमाज पढतो म्हणतात, तसं झालं. खत घ्यायला आलेल्या माणसाला मी डीएपीची पावती करता करता यीस्टच्या जाती सांगू लागलो. लोक ऐकून घेत, कारण उधारी असे.

मंडळ काढायचं ठरलं. आता आमच्याकडे मंडळ निघालं हे कळतं फ्लेक्सवरून. गणेश मंडळ, मित्रमंडळ, वाढदिवस, दहावीत पास, एसटीत लागला, सगळ्याचा फ्लेक्स. वर नेत्यांचे चेहरे, खाली आपले, मोबाइल कानाला. बिअर रसिक मंडळाचा फ्लेक्स लावायचा म्हणजे वर कोणाचे चेहरे टाकायचे हाच मोठा पेच. ज्यांची यायला हरकत नाही ते ओळखीचे नाहीत आणि जे ओळखीचे आहेत ते 'काढ काढ' म्हणणारे. म्हणून फ्लेक्सशिवाय निघालेलं हे तालुक्यातलं पहिलं मंडळ.

सभासद पाच. मी. दूधवाले तात्या. निवृत्त चित्रकलेचे सर, ज्यांनी चाळीस वर्षं शाळेच्या सहली अजिंठ्याला नेल्या. मेडिकलवाले शेठ, ज्यांचा काळ्या पिशवीशी धंद्यामुळे आधीच परिचय होता. आणि नाना. नाना माळकरी. बिअरला हात लावत नाहीत, कांदा-लसूण चालत नाही, पण फुटाणे, काकडी आणि उकडलेल्या शेंगांसाठी बसतात, सगळ्यांचं बोलणं ऐकतात आणि शेवटी सगळ्यांना गाडीतून घरी सोडतात. पैशाच्या बाबतीत एकमेकांवर विश्वास नसल्यामुळे खजिनदारही तेच. बिअर मंडळाचा खजिनदार माळकरी असावा ही सूचना मी देशातल्या सर्व मंडळांना मोफत देतो.

पाचच माणसं म्हणून मेडिकलवाल्या शेठचा धीर सुटत होता. त्यांना मी इंग्लंडची गोष्ट सांगितली. 1971 साली चार इंग्रज मित्र सुट्टीला आयर्लंडच्या केरी परगण्यात गेले, तिथल्या पबमध्ये बसले आणि मोठ्या कंपन्यांनी आपली बिअर बेचव आणि गॅसची करून टाकली म्हणून चळवळ काढली. चळवळीचं पहिलं नाव इतकं लांबलचक होतं की दोन ग्लासांनंतर ते उच्चारता येईना, म्हणे. म्हणून पुढे साधं केलं : कॅम्पेन फॉर रिअल एल. पुढे सभासद दीड लाखाच्या वर गेले. "चारांचे दीड लाख," मी म्हटलं, "आपण तर पाच." शेठ म्हणाले, "चार. नाना धरू नका."

पहिली बैठक तात्यांच्या मळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपुढे. भाचा पुण्याहून कॅन घेऊन आला. थर्माकोलचा खोका त्याने घाईत मासळीवाल्याकडून आणलेला. चौक्याचा घाट उतरेपर्यंत अर्धा बर्फ वितळला आणि सगळ्या कॅनना बोंबलाचा वास लागला. सरांनी पहिला ग्लास नाकाशी नेऊन डोळे मिटले आणि म्हणाले, "समुद्र." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ही रसिकतेची पहिली पायरी : एकाला वास आला की सगळ्यांना येतो.

तात्यांनी आपल्या ग्लासात बर्फ टाकला. वरून लिंबू पिळलं आणि चिमूटभर मीठ घातलं. फेस उसळून बाजेवर आला. सर ओरडले, "अहो, चित्रावर डांबर ओतताय तुम्ही!" तात्या शांतपणे म्हणाले, "सर, मीठ नाही तर बिअर कामून प्यायची?" मी त्यांना समजावलं की ही बिअर बर्फासारखी थंड प्यायचीच नसते, फार थंड केली की जीभ बधिर होते, चव कळत नाही. त्यावर तात्या म्हणाले, "आजवर चव कळू नये म्हणूनच चिल्ड पीत होतो की." यात आपल्या बिअर उद्योगावर जितकी खोल टीका आहे तितकी मी कुठे वाचलेली नाही.

मग एकेक वाण निघाला. वीट बिअरचं नाव ऐकून शेठ म्हणाले, "वीटभट्टीवर बनती का?" केळ्याच्या वासावर तात्यांनी विचारलं, "शिकरणाचं पाणी का हे?" पुढची बेल्जियमची. तिच्यात धने आणि संत्र्याची साल घालतात. हे ऐकून मात्र सगळे सावध झाले. धने! म्हणजे हे तर आपल्या घरच्या मसाल्याच्या डब्यातलं. संत्र्याऐवजी आपल्या जिल्ह्याची मोसंबी चालेल का, अद्रक घालता येईल का, अशी शेतीशाळा सुरू झाली. फुलंब्रीच्या अद्रकाला इंग्लंडात कसा भाव येईल इथपर्यंत आम्ही गेलो. जिंजर बिअर नावाचा प्रकार तिकडे दोन-अडीचशे वर्षं चालत आलाय, हे मी सांगितल्यावर नानांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "ती आम्हाला चालंल का?" बिनदारूचीही मिळते म्हटल्यावर त्यांनी वहीत नोंद केली.

इंडिया पेल एलने मात्र घोटाळा केला. नावात इंडिया म्हणून सगळ्यांनी अभिमानाने मोठा घोट घेतला आणि एकाच वेळी पाच नव्हे चार तोंडं वाकडी झाली. "पाडव्याचा कडुनिंब!" शेठ म्हणाले. मी खुलासा केला की गोऱ्या साहेबासाठी ही बिअर लंडनहून बोटीने मुंबईला यायची. आफ्रिकेला वळसा, चार-पाच महिन्यांचा प्रवास, वाटेत उष्मा. टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स जास्त घालत. हॉप्स ही कडू फुलांची वेल, भांगेच्या कुळातली. "भांग?" तात्या ताठ बसले. फक्त कूळ, मी म्हटलं. चुलतभाऊ. ते पुन्हा सैल झाले.

शेवटी काळी स्टाउट. भाजलेल्या बार्लीची, जळक्या कॉफीच्या वासाची. सर बराच वेळ गप्प होते.

"सर, कशी वाटली?"

"सुरुवातीला करपलेला गूळ. मग थोडी कॉफी. शेवटी…"

"शेवटी?"

"शेवटी संपली."

परत जाताना सरांनी गाडीत एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर दाढीवाले, टोपीवाले परदेशी पाहुणे हातात पेला धरून बसलेले रंगवलेत. सर दर वर्षी पोरांना तिथून लवकर पुढे नेत, कारण पोरं विचारायची, गुरुजी, ते काय पितात? "दीड हजार वर्षं झाली," सर म्हणाले, "छतावर उघडे बसलेत. आणि मी मात्र बाटली आणायला शिष्याला पाठवतो."

घरात बिअर करायची कल्पना साहजिकच निघाली. कृती ऐकून तर शेठच्या सौभाग्यवतीसुद्धा म्हणाल्या, यात काय अवघड आहे? बार्लीला मटकीसारखे मोड आणायचे, वाळवायची, भरडायची, चटका बसेल इतक्या गरम पाण्यात तासभर ठेवायची, गाळून उकळायची, गार करायची, यीस्ट टाकून आंबवायची. आंबील, जिलबी, ढोकळा करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. अमेरिकेत 1978 साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती बिअरवरची केंद्राची बंदी उठवली आणि घराघरातल्या बादल्यांतून तिकडची सगळी क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या कारखान्यांची चवीची बिअर, उभी राहिली. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे. बादली ठेवली की गुन्हा. सर म्हणाले, कौटिल्याने सण-यात्रेपुरती चार दिवस घरी करायची मुभा दिली होती, शिवाय सरकारी मद्यगृहात वेगवेगळ्या खोल्या, बिछाने, फुलं आणि अत्तरं असावीत असं अर्थशास्त्रात लिहून ठेवलंय. शेठ म्हणाले, कौटिल्य जामीन द्यायला येणार आहे का? विषय संपला.

त्या कायद्याचा मी नंतर बराच अभ्यास केला. आपल्या राज्यात दारू पिण्यासाठीही परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी मद्याचा 5 रुपये, देशीचा 2, वर्षाचा 100, आयुष्यभराचा 1000. आयुष्यभराचा घेऊन टाकावा असं मनात होतं, पण आमच्या सौ. म्हणाल्या की अशा माणसाचं आयुष्य किती, हे बघून मग पैसे भरा. वयाची अट आणखी गमतीची. बिअर 21 व्या वर्षी, व्हिस्की 25 व्या. पोराच्या लग्नालाही 21 लागतात. म्हणजे लग्न आणि बिअर एकाच दिवशी कायदेशीर होतात आणि व्हिस्कीची वेळ चार वर्षांच्या संसारानंतर येते. कायदा करणारांना माणसाच्या मनाची एवढी जाण असेल असं वाटलं नव्हतं.

खरी परीक्षा घरची. मी सौ.ना समजावलं की आमचं मंडळ दारू पिण्यासाठी नाही, चवीसाठी आहे. वास, रंग, फेस, जिभेवर राहणारी शेवटची चव. त्या चपात्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "चवीसाठीच ना? मग ते वाईनवाले करतात तसं तोंडात घोळवून थुंकून टाकत जा." हे मी पुढच्या बैठकीत मांडलं. ठराव कोणी सुचवला नाही, अनुमोदनही आलं नाही. तरी तो इतिवृत्तात आहे, कारण नानांनी लिहून ठेवला.

यात एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या राज्यात उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान आहे. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की गावातलं दुकान बंद. ज्या बायकांनी हे करून दाखवलं त्यांना वास, रंग, फेस यांचं व्याख्यान द्यायची माझी छाती नाही. त्यांनी बाटलीची शेवटची चव घरी रोज पाहिलेली असते. मला त्या रांगेत उभं केलं असतं तर मीही आडवीवरच शिक्का मारला असता आणि मग गच्चीवर जाऊन दिवा लावला नसता.

मंडळाच्या वाढीसाठी मी एकदा बिअर शॉपीवाल्यालाही भेटलो. म्हटलं, चार पुण्याचे कॅन ठेव, मी गिऱ्हाईक आणतो. त्याने विचारलं, "लागती का?" मी म्हटलं, लागण्यासाठी नाही, चवीसाठी. तो म्हणाला, "मग ते स्वीट मार्टला ठेवायला सांगा." 2017 साली महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारू विकायची नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागू झाला होता, तेव्हा टेप घेऊन अंतर मोजताना त्याच्या धंद्याची जी झोप उडाली ती नंतर सवलत मिळाली तरी पुरती परत आली नाही. अशा माणसाला केळ्याच्या वासात रस नसणार.

शेतकरी गिऱ्हाइकांनी मात्र रस घेतला, त्यांच्या पद्धतीने. फुलंब्री-सिल्लोड हा मक्याचा पट्टा. एकाने विचारलं, "ह्यात मका लागतो का?" मी म्हटलं, मोठ्या कंपन्या बार्लीबरोबर मका नाहीतर तांदूळ घालतात. पण क्राफ्टवाले सोवळे असतात. बव्हेरियात 1516 सालचा नियम होता, बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी. मका म्हणजे त्यांच्या लेखी भेसळ. तो माणूस खुर्चीवरून उठलाच. "आमचा माल भेसळीचा? मग कशाला पाहिजे तुमचं ते मंडळ?" आणि त्याचं खरं होतं. नाशिकला 1999 साली सुला सुरू झाली आणि द्राक्षाची वाईन शेतकऱ्याचा जावई म्हणून मिरवू लागली. लोक सहकुटुंब बघायला जातात, द्राक्षाच्या वेलीखाली फोटो काढतात. मक्याच्या शेतात उभं राहून कोणी बिअरबरोबर फोटो काढल्याचं ऐकिवात नाही. त्या दिवसापासून मी क्राफ्टचं सोवळं सोडलं. मका घालून कोणी चांगली बिअर केली तर आमच्या मंडळाचा तिला पाठिंबा आहे.

आता शेवटचा प्रकार. व्हॉट्सअॅपवर ग्रुप करायचा तर नाव काय द्यायचं? पोरं-सुना फोन हाताळतात. खूप काथ्याकूट होऊन सरांनी 'जलमित्र' सुचवलं. सोज्वळ आणि खोटंही नाही. डीपीला विहिरीचा फोटो. 'शनिवारी पाणीसाठा पाहणी' असा निरोप टाकला की सगळ्यांना कळायचं.

मेडिकलवाल्या शेठनी उत्साहाच्या भरात गावातल्या एका पाणलोटाच्या कार्यकर्त्याला ग्रुपमध्ये घेतलं. त्यांना वाटलं, हा आपला. तोही भला माणूस, त्याला वाटलं, हे आपले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर निरोप आला : जलमित्रांचे मनःपूर्वक अभिनंदन! ज्येष्ठांनी पुढाकार घेतल्याचा आनंद आहे. रविवारी सकाळी 6 वाजता माळरानावर श्रमदान. टिकाव-फावडं सोबत आणावं.

नाही कसं म्हणणार? सौ.नी तो निरोप वाचला होता. पहाटे त्यांनीच हाक मारली, वर म्हणाल्या, "जा की, जलमित्र."

डोंगराच्या उतारावर समतल चर खणायचे होते. शनिवारची पाणीसाठा पाहणी रात्री उशिरा संपलेली. सर दर दहा टिकावांना क्षितिज बघत उभे राहत. नाना एकटे सपासप खणत होते. तिसऱ्या चरावर मला 2016 चा उन्हाळा आठवला. लातूरला रेल्वेने पाणी चाललं होतं आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने आमच्या जिल्ह्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि पुढे 60 टक्क्यांनी तोडायला लावलं होतं. लिटरभर बिअर करायला धुण्या-उकळण्यासकट तीन-चार लिटर पाणी लागतं, कारखाना जुना असेल तर जास्तच. मी फावड्यावर रेलून हे तात्यांना सांगितलं. त्यांनी कपाळाचा घाम पुसला, तोंडाने हिशेब केला आणि विचारलं, "मग आपल्याकडं किती निघतं?"

"तीस वर्षांचं?"

"हौ."

आम्ही दोघं परत खणायला लागलो. चार रविवार गेलो. एकदा तालुक्याहून कोणी साहेब आले, आम्हा पाचांचा चरासमोर फोटो काढला आणि पंधरा दिवसांत फाट्यावर फ्लेक्स लागला : आदर्श जलमित्र. वर चार नेत्यांचे चेहरे, खाली आमचे पाच. तो बिअर शॉपीच्या बरोबर समोर होता, त्यामुळे पुढचा महिनाभर मला जाळीपाशी जाता आलं नाही.

मृगात पहिला मोठा पाऊस झाला. संध्याकाळी नाना गाडी घेऊन दारात. आम्ही चिखल तुडवत उतारावर गेलो. चर काठोकाठ भरलेले. वरून येणारा लोंढा धबाधबा पडत होता आणि तांबूस-पिवळ्या गढूळ पाण्यावर बोटभर पांढरा फेस धरला होता. कोणी बोलेना. सर काठावर उकिडवे बसले, मान तिरकी करून त्यांनी रंग पाहिला, मग फेस.

"गाळलेली नाही," ते म्हणाले.

तात्यांनी वाकून ओंजळ भरली आणि नाकाशी नेली.

"केळं येतंय का?" शेठनी विचारलं.